हवालदाराची गोळी, शेजाऱ्याचं डायलिसिस

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सरकारी आरोग्य विमा सैनिकांच्याच कुटुंबांना की सगळ्यांना, या आजच्या विषयावर पारावर, एसटीत आणि माजी सैनिकांच्या मेळाव्यातही दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, सैनिकाच्या कुटुंबाला सरकार आयुष्यभर औषधपाणी पुरवतं, मग आम्ही काय घोडं मारलंय? दुसरा म्हणतो, आधी चार हिवाळे बर्फात काढून या आणि मग बरोबरी करा. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघंही एक गोष्ट गृहीत धरून चालतात. सैनिकाला सरकारने आरोग्य विमा दिलाय, आणि प्रश्न फक्त तो इतरांना द्यायचा की नाही एवढाच आहे. मला आज या गृहीतकाबद्दलच बोलायचंय. निवृत्त सैनिकाला जे मिळतं तो विमा नाही. बाकीच्या जनतेला जे मिळतं तो मात्र खरोखर विम्यासारखाच आहे. वादाची सगळी मेख इथेच आहे.

सैनिक नोकरीत असतो तेव्हा त्याची बायको-मुलं लष्करी रुग्णालयात जातात. पुण्याचं कमांड हॉस्पिटल, कुलाब्याचं आयएनएचएस अश्विनी, देवळाली, कामठी, अहिल्यानगर इथली लष्करी रुग्णालयं ही त्यासाठीच आहेत. निवृत्त झाला की तो गावी येतो आणि लष्करी रुग्णालय मागे राहतं. ही पोकळी भरायला १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस सुरू झाली, म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना. ‘अंशदायी’ म्हणायचं ते निवृत्तीच्या वेळी एकदाच रक्कम भरावी लागते म्हणून. सध्याच्या दराने शिपाई ते हवालदार ३० हजार रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७ हजार आणि अधिकारी १ लाख २० हजार. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना हीसुद्धा माफ आहे. त्यानंतर दरवर्षी हप्ता नाही, खर्चाला कमाल मर्यादा नाही, जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत नाही, वय वाढलं म्हणून दर वाढत नाही आणि मध्ये विमा कंपनीही नाही. हुद्द्याप्रमाणे फरक पडतो तो वॉर्डात. हवालदाराला जनरल, सुभेदाराला सेमी-प्रायव्हेट आणि अधिकाऱ्याला प्रायव्हेट. शस्त्रक्रिया तीच, औषधंही तीच.

तीस हजार रुपयांत दोन माणसांचा उरलेला जन्मभराचा दवाखाना कोणत्याही विम्याच्या गणितात बसत नाही. विम्याचं ते गणितच नव्हे. पगाराचा जो भाग मालकाने निवृत्तीनंतर द्यायचं कबूल केलं, तो सरकार औषधाच्या रूपात चुकवतंय.

आता कल्पना करा, खटाव तालुक्यातल्या एका गावात शेजारीशेजारी दोन घरं आहेत. एका घरात निवृत्त हवालदार राहतो, दुसऱ्यात त्याच्याच वयाचा शेतमजूर. दोघांनाही पन्नाशीत साखर निघाली आणि दोघांचाही रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी दोघांनाही साधारण तीच औषधं लिहून दिली. साखरेसाठी मेटफॉर्मिन, दाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन. यात महागडं काही नाही. पण गोळी रोज घ्यावी लागते, वर्षाचे ३६५ दिवस, आणि काही दुखत नसतानाही घ्यावी लागते.

हवालदार महिन्यातून एकदा सकाळची एसटी पकडून साताऱ्याच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकला जातो. कार्ड यंत्राला लावलं की नोंद होते. नर्स दाब बघते, लॅबमध्ये रक्त घेतात, डॉक्टर तपासतात. औषधाच्या खिडकीवर महिन्याच्या गोळ्या मिळतात आणि पैसे कुठेच द्यावे लागत नाहीत. एखादं औषध साठ्यात नसलं तर चिठ्ठीवर ‘एनए’ पडतं, म्हणजे उपलब्ध नाही. मग ते पॉलिक्लिनिकने ठरवून दिलेल्या केमिस्टकडून येतं किंवा नियमाप्रमाणे बाहेरून विकत घेऊन बिल मागता येतं. हे ‘एनए’ फार वैतागाचं असतं. तरीही वर्षाचा हिशोब मांडला तर हवालदाराच्या गोळ्या फारशा चुकत नाहीत. पायाला मुंग्या येऊ लागल्या, लघवीत प्रथिनं जायला लागली तर ते तिथेच लक्षात येतं.

शेजारचा शेतमजूर प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. तिथेही उपचार मोफत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधं मोफत झाली. कागदावर दोघं समान आहेत. पण केंद्रात मेटफॉर्मिन असली तर दाबाची गोळी नसते, आणि दोन्ही असल्या तरी दहाच दिवसांच्या मिळतात. दहा दिवसांनी पुन्हा यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. मग तो चार महिने गोळी सोडतो. चक्कर आली की मेडिकलमधून एक पाकीट विकत घेतो, बरं वाटलं की परत सोडतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला रोजगारावर जगायचंय तो असाच वागणार.

या शेतमजुराला सरकारने काहीच दिलेलं नाही असंही नाही, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं. तेव्हा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र चालवायला घेतल्या. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण पाच लाखांवर नेलं आणि उत्पन्नाची अट काढून टाकली. पिवळं, केशरी, पांढरं असं कोणतंही रेशनकार्ड असलेलं कुटुंब तिच्यात बसतं. उपचारांची यादी १,३५६ वर गेली आणि नंतर आणखी वाढवण्यात आली. ‘सगळ्यांना आरोग्य विमा’ ही मागणी महाराष्ट्रात कागदावर मान्य झालेली आहे. पुष्कळ शिकलेल्या, नोकरदार घरांना याचा पत्ताच नाही. पांढरं कार्ड कपाटात पडून असतं आणि घरातल्या अँजिओप्लास्टीसाठी दागिने गहाण पडतात.

ही योजना चालते अशी. यादीवरच्या रुग्णालयात दाराजवळ आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं, तो नोंद करतो, डॉक्टर निदानाचे कागद आणि फोटो चढवतात, पूर्वमंजुरी येते आणि मग उपचार सुरू होतात. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागाहून द्यायचे. रुग्णालयाला पैसे पॅकेजच्या दराने मिळतात. यात खोली, शस्त्रक्रिया, औषधं, जेवण सगळं आलं. घरी सोडल्यावर थोड्या दिवसांची औषधंही त्यातच.

पण दर महिन्याची मेटफॉर्मिन यात नाही. बाह्यरुग्ण विभागच यात नाही. माणूस भरती होण्याइतका आजारी पडला तरच ही योजना जागी होते. वीस वर्षं साखर आणि दाब आटोक्याबाहेर राहिल्याने ज्याची मूत्रपिंडं निकामी झाली, त्या शेतमजुराला हीच योजना आठवड्याला दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस मोफत देते. जी गोळी घेऊन मूत्रपिंड वाचलं असतं, ती देत नाही. हवालदाराला गोळी मिळते आणि त्याच्या शेजाऱ्याला डायलिसिस. माझ्या लेखी ‘सैनिकांना की सगळ्यांना’ या वादाचं मर्म एवढंच आहे.

आता पैशाचं बोलू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ईसीएचएससाठी ८,३१७ कोटी रुपये ठेवले होते. लाभार्थी साधारण ६३ लाख. भागाकार केला तर माणशी वर्षाला सुमारे १३ हजार २०० रुपये येतात. त्याच वर्षी आयुष्मान भारत योजनेसाठी केंद्राची तरतूद होती ९,४०६ कोटी. ती योजना ५५ कोटी लोकांसाठी आहे असं सांगितलं जातं, म्हणजे माणशी केंद्राचे १७१ रुपये. राज्यांचा चाळीस टक्के वाटा मिळवला तर सुमारे २८५. १३ हजार २०० आणि २८५. हे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा.

ही तुलना सरळ नाही, हे मीच आधी सांगतो. ईसीएचएसमध्ये साठी-सत्तरी ओलांडलेले लोक पुष्कळ आहेत आणि म्हाताऱ्या शरीराचा खर्च तरुणापेक्षा कितीतरी जास्त. आयुष्मानच्या ५५ कोटींत लहान मुलंही धरलेली आहेत. राज्यं स्वतःच्या तिजोरीतून वेगळा खर्च करतात, प्राथमिक आरोग्य केंद्रांचा खर्चही वेगळ्या खात्यात जातो. हे सगळं वजा केलं तरी दरी मिटत नाही. आणि उलट बाजूने पाहिलं तर १३ हजार २०० रुपये गुणिले १४० कोटी माणसं, साडेअठरा लाख कोटी होतात. २०२५-२६ चा केंद्राचा एकूण खर्चाचा अंदाज ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. म्हणजे ‘ईसीएचएस जशीच्या तशी सगळ्यांना द्या’ म्हणणाऱ्याने देशाच्या अर्थसंकल्पाचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा मागितला असं होतं. तेवढा पैसा उद्या मिळाला तरी तेवढे डॉक्टर आणि नर्स मिळणार नाहीत. सैनिकांच्या बाजूने बोलणारे इथवर बरोबर आहेत.

इथून पुढे मात्र मी त्यांच्याबरोबर जात नाही. कारण ईसीएचएसचा सगळ्यात महाग भाग आणि सगळ्यात उपयोगी भाग हे दोन वेगळे आहेत. महाग पडतात ती बाहेरच्या खासगी रुग्णालयांची बिलं. उपयोगी असते ती पॉलिक्लिनिकची खिडकी, आणि ती त्या मानाने फार स्वस्त आहे. सगळ्यांसाठी मागायची तर ती खिडकी मागावी.

थायलंडने हे करून दाखवलंय. तिथे सरकारी नोकर आणि सैनिक यांच्यासाठी जुनी, वेगळी योजना आहे, आईवडिलांसकट. बाकी जनतेसाठी २००२ साली सार्वत्रिक योजना आणली, सुरुवातीला दर भेटीला ३० बाट घेऊन. जुनी योजना मोडली नाही, नव्या योजनेला तिच्याइतका पैसाही दिला नाही. आजही माणशी खर्चात सरकारी नोकरांची योजना कितीतरी पुढे आहे. पण सार्वत्रिक योजनेत पैसा दोन वाटांनी जातो. बाह्यरुग्ण सेवेसाठी तालुका रुग्णालयाला त्याच्याकडे नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर ठरीव रक्कम मिळते, माणूस आजारी पडो वा न पडो. भरती झालेल्यांसाठी आजाराच्या गटाप्रमाणे पैसे मिळतात, तेही वर्षाला ठरवून दिलेल्या एका बंद थैलीतून. त्यामुळे गोळी देऊन माणूस बरा ठेवण्यात रुग्णालयाचाही फायदा असतो. आपल्याकडे याच्या नेमकं उलट आहे. माणूस भरती झाला की रुग्णालयाला पैसे, घरी धडधाकट राहिला तर शून्य.

ब्रिटनमध्ये तर हा वाद निराळ्याच जागी जाऊन बसतो. ५ जुलै १९४८ पासून तिथे सगळ्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. नोकरीतल्या सैनिकाकडे लष्कराचे डॉक्टर बघतात. त्याची बायको-मुलं मात्र इतर नागरिकांसारखी गल्लीतल्या डॉक्टरकडे नाव नोंदवतात. ‘सैनिकांच्या कुटुंबांना वेगळी योजना हवी का’ हा प्रश्न तिथे कुणाला फारसा पडत नाही, कारण सगळ्यांची सोय बऱ्यापैकी आहे. अमेरिकेत तो पडतो. तिथे सैनिकांच्या कुटुंबांसाठी ट्रायकेअर नावाची सरकारी योजना आहे, सगळ्यांसाठी मात्र तशी काही नाही. आणि वीस वर्षं न भरता लष्कर सोडणाऱ्याच्या कुटुंबाची ट्रायकेअर साधारणपणे सुटते.

हा शेवटचा मुद्दा आपल्याला लवकरच जड जाणार आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची. जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतात, बाकीचे सेवानिधी, म्हणजे एकरकमी पैसे, घेऊन घरी येतात. नोकरीत असेपर्यंत त्यांना लष्करी रुग्णालय आहे, ४८ लाखांचा जीवनविमा आहे. बाहेर पडल्यावर पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. भरतीच्या सूचनेतच हे लिहिलेलं असतं. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाल्या, त्यांची चार वर्षं २०२६-२७ च्या हिवाळ्यात भरतात. अपशिंगे मिलिटरी असो की शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी, ज्या गावांनी पिढ्यानपिढ्या पलटणीला पोरं दिली, त्या गावांत आता एकाच घरात आजोबांकडे ईसीएचएस कार्ड असेल आणि गणवेश घालून आलेल्या नातवाकडे रेशनकार्ड. तो नातू आरोग्यमित्राच्या टेबलासमोर शेतमजुराच्याच रांगेत उभा राहणार. ‘सैनिक विरुद्ध सगळे’ ही रेघ सरकारनेच सैनिकांच्या मधून ओढली आहे.

तसं पाहिलं तर ही रेघ आधीपासूनच घराघरातून जात होती. ईसीएचएसमध्ये मुलगा पंचविशीपर्यंतच चालतो, तोही अविवाहित आणि न कमावता असेल तर. त्यानंतर तो ‘सगळे’ झाला. मुलगी नोकरी लागेपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत. आईवडिलांचं उत्पन्न महिन्याला नऊ हजार आणि त्यावरचा महागाई भत्ता याच्या आत असेल तरच. दिव्यांग अपत्याला मात्र वयाची अट नाही. एका सैनिकाच्या घरात पाच माणसं असतील तर त्यातली तीन आज ना उद्या सार्वत्रिक योजनेवरच येतात. म्हणून माजी सैनिकांच्या संघटनांनी सार्वत्रिक योजनेच्या बाजूने उभं राहावं असं मी म्हणतो. ईसीएचएस अबाधित राहिली पाहिजेच, तो शब्द दिलेला आहे. पस्तिशी-चाळिशीत गणवेश उतरवणाऱ्या आणि अर्धी नोकरी कुटुंबापासून दूर काढणाऱ्या माणसाला मालकाने दिलेला शब्द पाळायलाच हवा.

सगळ्यांची योजना मागताना सैनिकांच्या योजनेत काय काय बिघडतं हे मात्र डोळ्यांपुढे ठेवा, कारण तेच बिघाड मोठ्या प्रमाणावर होतील.

पहिला बिघाड बिलांचा. पॉलिक्लिनिकने रेफरल दिला की रुग्ण यादीवरच्या खासगी रुग्णालयात जातो आणि त्याला पैसे द्यावे लागत नाहीत. रुग्णालय बिल संगणकावर चढवतं. बिल तपासणाऱ्या संस्थेचे डॉक्टर ते बघतात, काही कमी वाटलं तर आणखी माहिती मागतात. मग ते विभागीय केंद्राकडे जातं, रकमेप्रमाणे त्या त्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि शेवटी पैसे मिळतात. या साखळीत कुठेही गाठ बसली की महिने जातात. वर्षाची तरतूद फेब्रुवारीत संपली की सगळंच अडकतं. उपचारांचे दर केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, आणि २०१४ नंतर त्यांची मोठी फेररचना व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. अकरा वर्षांत रुग्णालयाचं भाडं, वीज, पगार कुठल्या कुठे गेले. दर अपुरे आणि तेही उशिरा, म्हटल्यावर रुग्णालय काय करतं? ते यादीतून लगेच बाहेर पडत नाही, तोंडावर नाहीही म्हणत नाही. “आज बेड नाही, दोन दिवसांनी फोन करा,” असं म्हणतं. फुले योजनेच्या रुग्णालाही हेच वाक्य ऐकायला मिळतं आणि कारणही तेच असतं. सरकारी खर्चाचा हिशोब तपासणाऱ्या कॅगच्या २०१५ सालच्या अहवालाने ईसीएचएसमधल्या बिलांच्या दिरंगाईवर आणि औषधांच्या तुटवड्यावर बोट ठेवलं होतं.

दुसरा बिघाड कागदांचा, आणि महाराष्ट्रात त्याला एक खास चेहरा आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलण्याची रीत होती. माहेरची सुमन सासरी सुनंदा झाली. सैनिकाने पलटणीत नोंद केली सुनंदा, जन्मतारीख अंदाजाने १ जून. आधार निघालं शाळेच्या दाखल्यावरून, सुमन, तारीख वेगळी. पेन्शनच्या आदेशावर एक नाव, आधारवर दुसरं. नवरा हयात असेपर्यंत कुणी विचारत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतन आणि ईसीएचएस कार्ड दोन्ही एकदम अडकतात, आणि नेमकी तेव्हाच तिला औषधाची गरज असते. उपाय आहे, पण तो नवरा हयात असताना करायचा. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, जरूर तिथे राजपत्रातली नोंद, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज आणि तिथून दुरुस्त पेन्शन आदेश. यात काही महिने जातात. इथे बसलेल्या प्रत्येक निवृत्त माणसाने आज घरी जाऊन तीन कागद शेजारी ठेवावेत, डिस्चार्ज बुक, पेन्शन आदेश आणि पत्नीचं आधार. अक्षर न् अक्षर ताडून पाहावं.

नोंदींचा हा घोळ मोठ्या योजनेत किती फुगतो, तेही बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात आयुष्मान योजनेचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले आढळले. क्रमांक होता दहा वेळा नऊ. ओळख आधारवरून पटते, मोबाइलवरून नाही, असा सरकारचा खुलासा झाला. खुलासा मान्य केला तरी त्या साडेसात लाखांना कोणताही निरोप पोहोचणार नव्हता, हे उरतंच.

तिसरा बिघाड तातडीच्या वेळचा. माजी सैनिकाला रात्री छातीत दुखलं आणि जवळचं रुग्णालय यादीत नसलं, तरी तिथेच न्यावं. जीव आधी. पण ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं, आणि ते पुष्कळ घरांत कुणाला माहीत नसतं. घरी सोडताना चार गोष्टी घेतल्याशिवाय निघू नका. डिस्चार्ज कार्ड, बाबवार बिल, सगळ्या पावत्या आणि डॉक्टरच्या सहीचं तातडीचं प्रमाणपत्र. हे शेवटचं राहिलं तर दावा अडकतो. आणि पैसे परत मिळतात ते सरकारी दराने. रुग्णालयाने जास्त घेतले असतील तर फरक खिशातून जातो.

इथे सत्तरीपुढच्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. पण ज्याच्याकडे ईसीएचएस आहे त्याला दोन्हींतून एकच निवडावं लागतं. गावात शिबिर लागतं, पाच लाखांचा बोर्ड दिसतो, माणूस अंगठा लावतो. थांबा. त्या पाच लाखांत कुटुंबातले सत्तरीपुढचे सगळे मिळून बसतात, वर्षाची मर्यादा आहे आणि महिन्याच्या गोळ्या नाहीत. ईसीएचएसला मर्यादा नाही आणि गोळ्या आहेत. पॉलिक्लिनिक फारच लांब असेल तर विचार करावा, एरवी बदलू नये. तुमच्या शेजाऱ्याने मात्र ते कार्ड आजच काढून घ्यावं. त्याच्याकडे खासगी विमा असला तरी हे कार्ड चालतं.

राहिला प्रश्न सगळ्यांसाठी त्या खिडकीचा. ही कल्पना नवी नाही. १९४६ साली, इंग्रजांच्या काळात देशाच्या आरोग्यसेवेचा विचार करायला नेमलेल्या भोर समितीने लिहून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणाचाही उपचार अडू नये. आजही सपाटीच्या भागात तीस हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. इमारती आहेत, मोफतचा आदेश आहे. नाही ती गोळी, आणि पुष्कळदा ती लिहून देणारा डॉक्टर. तामिळनाडूने १९९४-९५ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभं केलं. खरेदी एकत्र, प्रत्येक साठ्याची प्रयोगशाळेत तपासणी, जिल्ह्याजिल्ह्याला गोदाम, आणि दवाखान्याला पासबुक. ज्या केंद्रात जे औषध जास्त खपतं ते त्या केंद्राने आपल्या पासबुकातल्या रकमेतून उचलायचं. वरून कुणी ठरवून पाठवत नाही, त्यामुळे एकीकडे खोकल्याच्या बाटल्यांचा ढीग आणि दुसरीकडे साखरेच्या गोळ्यांचा दुष्काळ असं सहसा होत नाही. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना याच वळणावर सुरू केली. महाराष्ट्रानेही २०२३ च्या कायद्याने औषध खरेदीसाठी प्राधिकरण नेमलं. खरेदी वेळेत झाली का, हे मात्र गावातूनच विचारावं लागतं.

ते विचारायला मोर्चा लागत नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या पुढच्या बैठकीला गावातल्या माजी सैनिकांनी जावं. कागद तपासायची आणि आकडे मागायची सवय तुम्हाला पलटणीने लावली आहे. औषधसाठ्याची नोंद संगणकावर असते, ती उघडायला सांगा. फक्त तीन नावं बघा, मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन. केंद्राच्या हद्दीत साखरेचे आणि दाबाचे किती रुग्ण नोंदलेले आहेत तो आकडा घ्या. रुग्णागणिक रोजच्या गोळ्या धरून तीस दिवसांची गरज काढा आणि शिल्लक साठा शेजारी लिहा. दर महिन्याच्या एक तारखेला हे दोन आकडे केंद्राच्या दारावरच्या फळ्यावर खडूने लिहिले जावेत, एवढा एकच ठराव मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.